पदरी पडलेले शिबिर

मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रात भरणाऱ्या निवासी शिबिरांचा दिनक्रम साधारण ठरलेला असतो. पहाटे उठणे, प्रार्थना, सूर्यनमस्कार, नाश्ता, बौद्धिक, खेळ, रात्री गाणी आणि शेकोटी. पत्रकात याहून पुष्कळ काही असते: पोहणे, व्हॅली क्रॉसिंग, आकाशदर्शन. काही शिबिरांत मुलांना यातले बरेचसे मिळतेही. काहींत मात्र तळे आटलेले असते, दोर आलेलाच नसतो, दुपार पत्र्याच्या शेडखाली त्याच त्या भाषणांत जाते आणि रात्री सतरंजीवर डास फोडून काढतात. मूल घरी फोन करते आणि न्यायला या म्हणते. घरचे म्हणतात, गेलाच आहेस तर सोस, त्यातूनच संस्कार होतात. पदरी पडले पवित्र झाले, ही म्हण अशा वेळी हमखास आठवते. सोसण्याने माणूस घडतो हा या सल्ल्यामागचा विचार धर्मपरंपरांतून आला आहे. पण मुलाच्या वाट्याला आलेल्या असल्या सोसण्याला तो लागू पडतो का? भारतीय परंपरांनी या प्रश्नाचा विचार बराच बारकाईने केलेला आहे, आणि त्यांची उत्तरे घरच्यांच्या सल्ल्याला फारशी अनुकूल नाहीत.

वेदान्तात सोसण्याच्या गुणाला तितिक्षा म्हणतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, १४व्या श्लोकात, श्रीकृष्ण अर्जुनाला शीत-उष्ण आणि सुख-दुःख येऊन जाणारे आहेत, ते सहन कर, असे सांगतात. पण त्याच अध्यायाच्या सातव्या श्लोकात अर्जुनाने स्वतः शिष्यत्व पत्करून मार्ग विचारलेला आहे. सोसण्याचा उपदेश त्यानंतर येतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्या आणखी कडक आहे: दुःखावर उपाय न शोधता, चिंता आणि विलाप न करता ते सोसणे. परंतु ही शम, दम आदी सहा गुणांपैकी एक आहे, आणि विवेक व वैराग्य यांच्यानंतर तिचा क्रम लागतो. ती मोक्षाची इच्छा धरणाऱ्या साधकाची तयारी आहे. विवेक-वैराग्याच्या वाटेवर पाऊलही न टाकलेल्या दहा वर्षांच्या मुलाने विलाप न करता दिवस काढले, तर त्याला तितिक्षा म्हणता येत नाही. तो नाइलाज असतो.

जैन विचारात हा भेद अधिक स्पष्ट केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात साधूने सोसायचे २२ परीषह सांगितले आहेत. भूक, तहान, थंडी, उष्णता आणि डास-माश्यांचा त्रास यांनी यादी सुरू होते. पुढे गैरसोयीची शय्या आणि रोग आहेत. त्यांच्याच बरोबरीने दोन परीषह असे आहेत की जे शरीराला नव्हे, मनाला बोचतात: एक अरती, म्हणजे मन न लागणे, आणि दुसरा अलाभ, म्हणजे जे मिळावे म्हणून निघालो ते न मिळणे. कंटाळा आणि अपेक्षाभंग हे भुकेइतकेच खरे दुःख आहेत, ही कबुली मोलाची आहे. ‘एवढ्याशा गोष्टीचे काय वाईट वाटून घ्यायचे’ असे मुलाला सांगणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. हे सारे सोसायचे ते मार्गावरून न ढळण्यासाठी आणि कर्माच्या निर्जरेसाठी, म्हणजे साठलेले कर्म झडून जाण्यासाठी, असे उमास्वाती म्हणतात. म्हणजे मार्ग आधी पत्करलेला असावा लागतो. इच्छेविरुद्ध सोसावे लागते तेव्हा त्याला अकाम निर्जरा हे वेगळे नाव आहे. पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत त्यासाठी बंदिवासात अडकलेल्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. अशा सोसण्यालाही काही फळ असते, पण साधूच्या साधनेची बरोबरी त्याला नाही.

मुलांचा प्रश्न सर्वांत थेटपणे आला आहे तो बौद्ध विनयपिटकात. महावग्गातील कथा राजगृहाची आहे. उपाली नावाच्या मुलाचे आईवडील त्याच्या भवितव्याचा विचार करत होते. लेखन शिकवले तर बोटे दुखतील, गणित शिकवले तर छाती दुखेल, नाणी पारखायला लावले तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्षूंचे आयुष्य सुखाचे, चांगले जेवण आणि वाऱ्यापासून सुरक्षित झोप. उपालीने हे ऐकले आणि मित्रांना गोळा केले. एकूण १७ मुलांनी घरून परवानगी मिळवली आणि भिक्षूंनी त्यांना दीक्षा दिली. मग पहाट होण्यापूर्वीच मुले उठून पेज मागत, भात मागत रडू लागली. भिक्षूंनी उजाडेपर्यंत थांबायला सांगितले. मुले रडतच राहिली आणि त्यांनी अंथरुणे घाण केली. तो आवाज बुद्धांच्या कानी गेला.

या कथेत मुले स्वतःच्या हौसेने गेली होती, आईवडिलांनी आनंदाने पाठवले होते आणि जागाही वाईट नव्हती. तरीही बुद्धांनी मुलांना सहनशीलतेचा धडा दिला नाही. त्यांनी दोष दिला तो जाणूनबुजून दीक्षा देणाऱ्या भिक्षूंना. वीस वर्षांखालील व्यक्तीला थंडी, उष्णता, भूक, तहान, डास, ऊन-वारा आणि कटू बोल सोसवत नाहीत, असे कारण देऊन त्यांनी त्या वयाखाली उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, देण्यास मनाई केली. मूल होय म्हणाले होते, हा बचाव येथे चालला नाही. याच महावग्गात पुढे बुद्धपुत्र राहुलाच्या दीक्षेनंतर त्याचे आजोबा शुद्धोदन यांनी दुःख व्यक्त केल्यावर आईवडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या, म्हणजे गृहत्यागाची पहिली दीक्षा, देऊ नये असा नियम येतो. अनाथ झालेल्या दोन मुलांसाठी मात्र श्रामणेराच्या, म्हणजे शिकाऊ भिक्षूच्या, वयाची अट सैल केलेली दिसते. कावळे हाकलण्याइतके मूल मोठे असले म्हणजे पुरे. मुलाला काय झेपेल आणि त्याला कशाची गरज आहे, हे पाहूनच नियम घडत गेले.

मज्झिम निकायातील सब्बासव सुत्तही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मनाचे दोष दूर करण्याचे सात मार्ग त्यात सांगितले आहेत आणि सहन करणे हा त्यांपैकी फक्त एक आहे. थंडी, भूक, डास सोसावेत. पण उन्मत्त हत्ती, साप, काटेरी जागा, खड्डे टाळावेत, असे तिथे स्पष्ट आहे. टाळणे हा त्या यादीत पळपुटेपणा नाही. शिबिरातील मळकट पिण्याचे पाणी, अंगात ताप असताना करायला लावलेली चाल, मोठ्या मुलांची दादागिरी या टाळायच्या गोष्टी आहेत. बेचव खिचडी आणि लांबलेले बौद्धिक सोसण्यातल्या. पहिल्या दुसऱ्यांत ढकलून ‘सोस’ म्हणणे हा अन्याय आहे.

अपेक्षाभंगाला आणखी एक बाजू आहे. अध्यात्मात दुःखाचे मूळ इच्छेत शोधण्याची रीत आहे आणि मोठ्यांच्या बाबतीत ती बरीचशी बरोबरही आहे. पण पोहण्याची इच्छा मुलाच्या मनात आपोआप उगवली नव्हती. ती पत्रकाने रुजवली. वचन देणारा एक आणि वचनभंगाचे दुःख गिळायला शिकणारा दुसरा, अशी वाटणी झाली की प्रश्न तितिक्षेचा उरत नाही, सत्याचा होतो. योगसूत्रांतील यमांमध्ये सत्य आहे, नियमांमध्ये संतोष आहे. यम आधी येतात. आयोजकांनी सत्य बाजूला ठेवून मुलांकडून संतोष मागणे हे साधनेचा क्रम उलटा करणे आहे.

याच्या उलट एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. न निवडलेल्या अडचणींतूनही मुले काही मिळवतात. वाईट शिबिराच्या आठवणी पुढे अभिमानाने सांगितल्या जातात. हे खरे आहे. मात्र त्या आठवणींत सहसा काय असते ते पाहिले पाहिजे. रात्री रडणाऱ्या धाकट्याला कोणीतरी आपली चादर दिली, लपवलेला चिवडा आठ जणांत वाटला, रद्द झालेल्या खेळाच्या जागी मुलांनीच नवा खेळ रचला. तिथे मूल काहीतरी निवडते, आणि तेवढ्या जागेत खरी तितिक्षा उगवू शकते. तिचे श्रेय मुलाचे असते, आटलेल्या तळ्याचे किंवा ते न सांगणाऱ्या आयोजकाचे नव्हे.

शिबिरातून फोन आला की पालकांनी आधी जेवण, पाणी, झोप, ताप आणि भीती यांची चौकशी करावी. यांत काही गैर निघाले तर त्याच दिवशी मुलाला आणायला निघावे. सारे ठीक असून मूल फक्त हिरमुसले असेल, तर त्याची तक्रार खरी आहे हे त्याला सांगावे, आणि राहायचे की परतायचे हे त्याच्याशी बोलून ठरवावे.