देणाऱ्यांच्या रांगेत

जालना जिल्ह्यात गावासाठी काही करायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं श्रमदानाचं. त्यात नवल नाही. २०१२-१३चा दुष्काळ इथल्या माणसांच्या अंगावर अजून ताजा आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६पासून पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली, शेततळी आली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ते पाहून आलेला प्रत्येक जण एकच शिकून येतो की घाम गाळल्याशिवाय गाव उभं राहत नाही. हे खरं आहे. पण कुदळ, फावडं आणि टोपलं एवढीच सेवेची अवजारं मानली, की ज्याला पाय नाहीत, ज्याचे हात थरथरतात, ज्याला दिसत नाही, असा माणूस हजेरीपटात येतच नाही. त्याला कुणी मुद्दाम वगळत नाही. त्याला विचारावं, हेच कुणाला सुचत नाही.

हाच माणूस गावाला कधी आठवतो? तीनचाकी सायकलवाटपाच्या शिबिरात आणि ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी. शाल, श्रीफळ, फोटो. मंचाला रॅम्प नसतो, म्हणून दोघे जण उचलून त्याला वर नेतात, सत्कार करतात आणि पुन्हा उचलून खाली आणून ठेवतात. त्याने गावाला काय दिलं, काय देता येईल, याबद्दल भाषणात अक्षर नसतं.

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी खर्च करायचा असतो. पेन्शन, प्रमाणपत्र, बसची सवलत, हे सारं हक्काचं आहे आणि ते मिळवण्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात, ही संतापाची गोष्ट आहे. पण हे सगळं वेळेवर मिळालं, तरी एक भूक उरते. आपलीही कुणाला गरज आहे, ही जाणीव माणसाला अन्नाइतकीच लागते. जन्मभर फक्त घेत राहायला लावणं ही एक शिक्षा आहे आणि आपण ती दयेच्या नावाखाली देत आलो आहोत.

वरोऱ्याच्या आनंदवनाने याला दिलेलं उत्तर आपण पुरेसं समजून घेतलेलं नाही, असं मला वाटतं. बाबा आमट्यांनी मोजक्या कुष्ठरुग्णांना घेऊन त्या ओसाड जमिनीवर काम सुरू केलं, ही कथा सर्वांना पाठ आहे. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. तिथल्या माणसांनी विहिरी खोदल्या, धान्य-भाजी पिकवली, तेव्हा त्यांच्या हातचा माल घ्यायला गाव तयार नव्हतं. त्याच बोटं झडलेल्या हातांनी पुढे १९६४मध्ये महाविद्यालय उभारलं, आणि ते स्वतःसाठी नव्हे, आसपासच्या धडधाकट मुलांसाठी. ज्या समाजाने त्यांना गावकुसाबाहेर काढलं, त्याच्याच लेकरांच्या शिक्षणाची सोय त्यांनी केली. आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पावरच्या श्रमसंस्कार छावणीत तर शहरांतली निरोगी पोरं श्रमाचे धडे घ्यायला त्यांच्या दारी जाऊ लागली. इथे देणारा कोण आणि घेणारा कोण? खुद्द बाबांना पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढेच दोन मार्ग. १९८५च्या ‘भारत जोडो’ यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे जाताना ते बसमध्ये आडवे पडून प्रवास करत होते.

दुसरं नाव कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालं. खचलेल्या त्या मुलीला भेटले बाबूकाका दिवाण, स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही आपला संसार आणि व्यवसाय समर्थपणे चालवणारे. अशा माणसाचा शब्द वेगळा पोहोचतो. डॉक्टर धीर देतो तेव्हा मनात शंका राहते. त्याच वाटेवरून गेलेला माणूस सांगतो तेव्हा ती उरत नाही. नसीमाताईंनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क विभागात नोकरी केली आणि १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा, पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रिया असा तिचा पसारा वाढत गेला. बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ लहानपणी बैलगाडीच्या अपघातात जायबंदी झाल्या. त्या याच संस्थेत राहिल्या, तिथे काम केलं आणि नंतर बाहेर पडून स्वतंत्रपणे राहू लागल्या. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या त्यांनी केलेल्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादाला २०२०चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. एकाने धरलेला हात दुसरीने तिसरीपर्यंत पोहोचवला.

कुणी म्हणेल, ज्याला स्वतःला उठायला माणूस लागतो, तो दुसऱ्याला काय देणार? विदर्भातले संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. ते अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, १९१५पर्यंत, प्रचंड ग्रंथरचना करून गेले. कुणी वाचून दाखवलं, कुणी लिहून घेतलं. म्हणून ते ग्रंथ त्या लेखनिकांचे ठरले नाहीत. द्यायलाही मदत लागते. मंत्र्याला ड्रायव्हर लागतो, कीर्तनकाराला टाळकरी लागतात, आणि त्यांची सेवा आपण कमी धरत नाही.

मात्र दोन गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. सेवा हा पोटापाण्याला पर्याय नाही. शिकलेल्या अपंग मुलीला नोकरी नाकारायची आणि ‘वेळ जातो ना, मग फुकट शिकव’ म्हणायचं, हे शोषणच आहे. दुसरं असं की प्रत्येकाने नसीमाताई व्हावं, ही अपेक्षाही क्रूर आहे. वेदनेने रात्र सरत नाही अशा माणसाने सकाळी काहीही केलं नाही, तरी त्याचा मान तसूभर कमी होत नाही. देणं हा त्याचा हक्क असावा. आणखी एक सक्ती नको.

कामाला तर तोटाच नाही. पाणलोटाच्या गावात रोजचा पाऊस मोजून लिहावा लागतो, विहिरींच्या पातळ्या नोंदवाव्या लागतात, पाण्याचा ताळेबंद मांडावा लागतो. बचतगटाचे हिशेब, निराधारांचे अर्ज, दहावीच्या मुलांचं गणित, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोजचा एक फोन, ही सगळी बसून होणारी कामं आहेत. आणि नुकत्याच झालेल्या अपघातानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या तरुणाशी बोलायला तर त्याच्यासारख्याच माणसाइतकं पात्र कुणीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अशा माणसाला आठवड्यातून एक दिवस खुर्ची-टेबल आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळालं, तरी मोठं काम उभं राहील.

अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यातल्या गावकऱ्यांना, गणेश मंडळांना, वाचनालयांना माझी विनंती आहे. येत्या ३ डिसेंबरला सत्कार ठेवू नका. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा, गावातल्या अपंग माणसांच्या घरी जा, तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल ते त्यांनाच विचारा आणि पुढच्या समितीच्या यादीत त्यांची नावं सदस्य म्हणून लिहा.