मुक्या जिवावरचा खर्च

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी माझ्याजवळ आली. ती मूळची नंदुरबारकडची. आता सुरतेत उधन्याच्या बाजूस राहते आणि साड्यांवर टिकल्या लावण्याचे काम घरी आणून करते. तिची कुत्री आजारी होती. सारखी पाणी पीत होती, अन्न सोडले होते, पोट फुगले होते. गर्भाशयात पू झाला आहे, ऑपरेशन केले नाही तर ती वाचणे कठीण, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. खर्च तिच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होता.

“भाऊ, कुत्रीवर एवढा पैसा घातला, तर ते पाप होईल का?” तिने विचारले.

मी उपदेश करणारा मनुष्य. उत्तर ओठांवरच होते. “ताई, आपल्याच गल्लीत माणसांना औषधाला पैसे नाहीत.”

“खरं आहे, भाऊ,” ती म्हणाली. “त्यांच्यातल्या कोणाकडे नेता मला? हे पैसे त्यांनाच देते.”

मला एकही नाव सांगता आले नाही.

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडला. मरियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा गरिबांच्या नावाने कुरकुर करणारा यहूदा होता. आणि त्याला गरिबांची काही पर्वा नव्हती, असे योहान स्पष्ट लिहितो. जो जो अशी शंका काढतो तो यहूदाच, असे मी म्हणत नाही. परंतु गरिबाचे नाव घेऊन दुसऱ्याची दया आवरणे सोपे, आणि त्या गरिबाचे घर ठाऊक असणे निराळे, हे मला त्या रात्री कळले.

तरीही माझ्या लाजेने प्रश्न सुटत नाही. शास्त्रात कुत्र्याचे नाव बहुधा तुच्छतेने येते. मांजराचे नाव तर आपल्या सहासष्ट पुस्तकांत नाहीच. पुष्कळ चिमण्यांपेक्षा मनुष्याचे मोल अधिक आहे, हे प्रभूनेच सांगितले. मग कुत्र्यामांजरांच्या ऑपरेशनवर खर्च करणे ख्रिस्ती मनुष्याला शोभते काय?

प्रभूने युक्तिवाद कसा केला ते पाहा. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला, तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही काय, असे तो विचारतो (लूक १४:५). त्याआधीच्या अध्यायात बैलाला ठाणावरून सोडून पाण्यावर नेण्याची गोष्ट आहे. बैलावर दया केल्याबद्दल तो कोणाला दोष देत नाही. ती दया योग्यच, असे धरून तो पुढे जातो आणि म्हणतो, मग आजारी मनुष्याला का टाळता? म्हणजे जनावरावरील दया ही माणसावरील दयेची वैरीण नव्हे; ती तिची पहिली पायरी आहे. मात्र पहिल्या पायरीवरच बसून राहणाऱ्याला प्रभूचा पुढचा प्रश्न चुकत नाही.

नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेला दृष्टांतही आठवा. एका गरिबाची एकुलती एक मेंढी त्याच्याच ताटातले खात असे आणि लेकीसारखी वाढली होती. आधीच गरीब, त्यात मेंढीला घास कशाला, असे नाथान म्हणत नाही. दोष त्या मेंढीवर हात टाकणाऱ्या श्रीमंताला लागतो.

आपल्या सुरतेला तर हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री येथे आला. शहरापासून सुमारे मैलभर अंतरावर बनियांनी चालविलेले जनावरांचे इस्पितळ असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तेथे आजारी, लंगड्या, म्हाताऱ्या गाई, घोडे, बकऱ्या व कुत्री ठेवीत. त्याचे पुस्तक १६९६ साली लंडनला छापले गेले. आपल्या शेजाऱ्यांनी जे शतकानुशतके केले, ते पाहून आपण ख्रिस्ती लोकांनी निदान विचार तरी करावा.

त्या भगिनीबरोबर मी दवाखान्यात गेलो. ऑपरेशनपूर्वी कागदावर सही लागते. मनुष्य आपली सही आपण करतो. जनावराची सही त्याचा धनी करतो. ही सुई आपल्या बऱ्यासाठी आहे, हे त्या कुत्रीला कोण सांगणार? ती थरथरत होती आणि बाईच्या तोंडाकडे पाहत होती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला प्राण्यांवर जो अधिकार मिळाला, त्याचा अर्थ मला त्या सहीत दिसला. ज्याचा जीव माझ्या सहीवर आहे, त्याचे हित मी पाहिलेच पाहिजे.

म्हणूनच सही करण्यापूर्वी स्वतःला काही विचारावे. या खर्चाने घरातल्या कोणाचे औषध किंवा मुलांची फी तुटते काय? हे ऑपरेशन जनावराचे दुःख हलके करण्यासाठी आहे, की आपले रडणे चार दिवस पुढे ढकलण्यासाठी? अंगभर रोग पसरलेल्या म्हाताऱ्या जनावराला डॉक्टरांच्या हातून वेदनेवाचून मरू देणे हीही दया असू शकते. आणि वेळेवर नसबंदी केली असती तर? गर्भाशय काढलेल्या कुत्रीला हा विकार सहसा होत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना रेबीजची लस टोचण्याचे नियम २००१ साली झाले आणि २०२३ साली नव्याने आले. त्या कामात आपल्या मोहल्ल्याने हात दिला, तर रस्त्यावर खेळणारी आपली लेकरेही सुरक्षित होतात.

ऑपरेशन झाले. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची झालर घालून कुत्री घरी आली. बाराव्या दिवशी टाके निघाले. बाईने उसने घेतलेले पैसे ती अजून फेडीत आहे.

पुढच्या रविवारी तिने मला विचारले, “भाऊ, नाव सापडलं का?” मला सापडले नव्हते, तिलाच सापडले होते. तिच्या गल्लीत यंत्रमागावर हात जायबंदी झालेला एक ओडिया तरुण एकटा पडून होता. टाके पडलेल्या कुत्रीला घेऊन ती सकाळी बाहेर बसे, तेव्हा तो तिच्या नजरेस पडला. आता त्याचे जेवण तिच्या घरून जाते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना हा धडा शिकवाल तेव्हा आधी त्यांच्या मांजराचे नाव विचारा. मग शेजारच्या आजारी माणसाचे नाव विचारा. दुसरे नाव त्यांना आले नाही, तर त्यांच्यावर रागावू नका. ते आपल्याला तरी येते काय, एवढे मात्र घरी जाताना स्वतःला विचारा.