आबांची खालची पट्टी

मांडवगण फराट्याला, भीमेच्या काठी, आबांची चार एकर जमीन. नदीकडची खालची पट्टी सोडली तर ऊस अजून बरा येतो. त्या पट्टीत मात्र काही उगवत नाही. पावसात चिकट रबडी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. कोल्हापुरी बंधारे तुडुंब भरलेले असायचे, तेव्हा आबांनी मोकाट पाणी देऊन एकरी टनांची पैज जिंकली. खालचे क्षार वर आले, सोडियम मातीला चिकटला आणि जमीन चोपण झाली. नदीपलीकडे, दौंडच्या हद्दीत पारगावला, त्यांचे साडू. त्यांनी चर खणले, ताग गाडला, पाणी मोजून दिलं. तेव्हा अलीकडच्या काठावरून त्यांची यथेच्छ चेष्टा झाली होती.

आबांची नात पुण्यात एका प्रयोगशाळेत सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर काम करते. (केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या संस्थेच्या साथीने केलेलं हे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून पुण्यात या बॅटरीचं कौतुक आहे. लिथियम परदेशातून आणावं लागतं, सोडियम साध्या मिठातही असतो.) दिवाळीला आली ती तोंड उतरवूनच. तिची बॅटरी पहिल्या दिवशी झकास चालायची आणि शंभर वेळा चार्ज होईतो निम्म्यावर यायची. तिने मोबाइलवर कॅथोडच्या एका कणाचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दाखवला. कण केसाहून बारीक, पण आरपार तडकलेला.

"ही तर माझी खालची पट्टी!" आबा म्हणाले.

नात हसली आणि समजावायला बसली. निकेल-मँगनीजचे थर, त्यांच्या मधे सोडियम. चार्ज करताना तो बाहेर पडतो, वापरताना परत येतो. त्याचा आयन लिथियमपेक्षा मोठा, त्यामुळे त्याच्या ये-जा करण्याने थर सरकतात. थोडा सोडियम आत ठेवला तर निभतं. पण ४.२ व्होल्टच्या वर नेऊन उरलासुरलाही ओढून काढला की थर खाली बसतात, कण पाचव्या हिश्श्याहून जास्त आकसतो. सोडियम परतला की पुन्हा फुगतो. असं होता होता तडे जातात, तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरतं, मँगनीज विरघळून जातं. दमट हवा लागली तर सोडियम वर येऊन पांढरा क्षार धरतो, ते वेगळंच.

"मग एवढं वर नेतीस कशाला?"

"पहिल्या दिवसाचा आकडा मोठा दिसतो, आबा. सगळे तोच विचारतात."

आबांनी उपदेश केला नाही. पैज जिंकलेल्या माणसाला तो शोभलाही नसता. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्यात जिप्सम टाकत्यात का?" जिप्सममधलं कॅल्शियम चोपण मातीतल्या सोडियमला हुसकावतं, हे साडूंनी त्यांना कधीचं सांगितलेलं.

"जिप्सम नाही, पण थोडं मॅग्नेशियम घालतात. ते जागचं हलत नाही, थर तोलून धरतं. फक्त साठवण कमी होते."

"हुईना का."

पुण्याला गेल्यावर तिने मॅग्नेशियम घातलं आणि चार्जिंग चार व्होल्टवर थांबवलं. पहिल्या दिवसाचा आकडा पडला. वरिष्ठांनी विचारलं, हा मागच्यापेक्षा कमी कसा? तिने दोन्ही नमुन्यांचे शंभराव्या फेरीचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवले.

आबांनी पुढच्या उन्हाळ्यात चर खणायला पारगावहून माणसं बोलावली. साडूंनी मजुरीत जुन्या चेष्टेचाही हिशेब धरला, असं मांडवगणात अजून म्हणतात.