गंजीच्या आडोशाला

सिन्नरहून संगमनेरच्या दिशेनं निघालं की हमरस्त्यावर दोडी लागतं, आणि दापूर तिथून जवळच. मिशनच्या जुन्या कागदपत्रांत ही दोन्ही नावं जोडूनच येतात: दोडी दापूर. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे पटकीची साथ होती. मुंबईतला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल त्या दिवसांत नाशिकला फिरतीवर होता. माणसं पटापट जाताना त्यानं पाहिली, जवळची औषधं वाटून टाकली आणि परतीची वाट धरली. २० मार्चला पहाटे दोडी दापूरला पटकीनं त्यालाच गाठलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. वय ४१. सोबत दोन तरुण ख्रिस्ती मुलं होती. तिथं शवपेटी कुठून मिळणार? त्यांनी त्याला त्याच्याच कांबळ्यात गुंडाळलं, खड्डा खणला आणि पुरलं. हॉलची बायको मुलांना घेऊन आदल्याच वर्षी अमेरिकेला निघाली होती.

मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात जन्मलेला हा माणूस सिन्नरच्या माळावर कसा आला, याचा माग काढत मागं गेलं तर तो कुठल्या मोठ्या धर्मसभेच्या ठरावापाशी थांबत नाही. विशीतल्या काही मित्रांपाशी पोचतो. त्यांची कॉलेजं नुकतीच संपली होती किंवा संपत आली होती.

कॉलेज संपल्यानंतरची दोन-तीन वर्षं श्रद्धेच्या दृष्टीनं फार नाजूक असतात. नगरच्या किंवा पुण्याच्या वसतिगृहात मुलं एकत्र प्रार्थना करतात, नाताळची गाणी बसवतात, देव आहे की नाही यावर मध्यरात्र उलटेपर्यंत भांडतात. मग निकाल लागतो. एकाला हिंजवडीत नोकरी मिळते, दुसरा गावच्या शाळेवर जातो, तिसरीचं लग्न ठरतं. नव्या शहरातला पहिला रविवार येतो. कुणीही ओळखीचं नसलेल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्यावर मनात येतं, हा विश्वास माझा होता, की आमच्या घोळक्याचा? वयात आलेल्या कुठल्याही श्रद्धावंताला हा प्रश्न चुकत नाही. हॉल आणि त्याच्या मित्रांना तो इतक्या उघड आणि इतक्या कडक रूपात पडला की दोनशे वर्षांनंतरही त्यांच्याकडे वळून पाहावंसं वाटतं.

गोष्ट सुरू होते १८०६ च्या ऑगस्टमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउन गावी. विल्यम्स कॉलेजमधले पाच विद्यार्थी गावाबाहेरच्या कुरणात प्रार्थनेसाठी जमले होते: सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन. आभाळ भरून आलं, विजा कडाडू लागल्या आणि पाचही जण गवताच्या एका गंजीच्या आडोशाला शिरले. वरून पाऊस, अंगाला ओल्या गवताचा वास, आणि बोलणं चाललेलं आशिया खंडाचं. हे देश त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात पाहिले होते, एवढीच त्यांची ओळख. मिल्स म्हणाला, शुभवर्तमान तिकडे न्यायला हवं आणि ते आपणच न्यायला हवं. लूमिसला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, आधी तिकडे सुधारणा पोचू दे, नाहीतर गेलेले लोक जिवानिशी जातील. पाचांत मतभेद होता आणि तरीही त्या दिवशी पाचही जण त्याच गंजीपाशी होते. पुढच्या पुष्कळ गोष्टी त्या एका तपशिलातून उलगडतात.

दोन वर्षांनी, १८०८ मध्ये, मिल्सनं कॉलेजातच एक छोटं गुप्त बंधुमंडळ काढलं. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली होती. लोक हसतील, घरचे घाबरतील, ही भीती होती. पण पोरवयातल्या मैत्रीला गुपिताची ओढही असतेच. हॉल त्याच वर्षी विल्यम्समधून पदवी घेऊन बाहेर पडला. कनेटिकटमधल्या एका मंडळीनं त्याला पाळक म्हणून बोलावलं होतं. घर, पगार, मान, सगळं तयार. त्यानं नकार दिला.

याच सुमारास दुसऱ्या एका कॉलेजातल्या पदवीधराचं उलटंच चाललं होतं. ॲडोनिरॅम जडसन, पाळकाचा मुलगा, १८०७ मध्ये ब्राउन विद्यापीठातून पहिला आला. कॉलेजात त्याला एक हुशार, गप्पिष्ट मित्र भेटला. देवानं जग घडवलं असेल, पण तो त्यात हात घालत नाही, असं मानणारा. जडसन त्याच्या मागोमाग गेला. घरी प्लिमथला येऊन शाळा काढली, अंकगणिताचं आणि व्याकरणाचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि १८०८ मध्ये आईवडिलांना सांगून टाकलं की तुमचा देव मला मान्य नाही. आई रडली. वडिलांनी वाद घातला आणि मुलानं तो जिंकला. मग तो न्यूयॉर्कला जाऊन एका नाटक मंडळीत मिसळला.

पुढचा प्रसंग त्याच्या चरित्रकारांनी सांगितलेला आहे. परतीच्या प्रवासात तो एका खेड्यातल्या खाणावळीत मुक्कामाला थांबला. मालकानं आधीच सांगितलं, शेजारच्या खोलीत एक तरुण मरायला टेकलाय, चालेल ना? जडसन म्हणाला, चालेल. रात्रभर भिंतीपलीकडून पावलं, कण्हणं, कुजबुज. झोप लागेना. हा मरायला तयार असेल का? आणि मी? मग स्वतःचीच लाज वाटली, मित्र ऐकेल तर हसेल म्हणून. सकाळी निघताना त्यानं चौकशी केली. मालक म्हणाला, गेला बिचारा, ब्राउन विद्यापीठातला मुलगा होता. आणि नाव सांगितलं. त्याच मित्राचं नाव.

मरणाच्या भीतीनं पोरगा देवाकडे पळाला, असा या कथेचा अर्थ लावणं सोपं आहे, पण तो अपुरा वाटतो. जडसन लगेच कुठं पळाला नाही. १८०८ च्या ऑक्टोबरमध्ये अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेत त्यानं प्रवेश घेतला, तोही अजून विश्वास न ठरलेला विद्यार्थी म्हणून. आपण ख्रिस्ती आहोत, हे मंडळीसमोर जाहीर करायला त्याला १८०९ चा मे उजाडला. त्या रात्री उघड झालं ते एवढंच: त्याचा अविश्वास उसना होता. आईवडिलांचा विश्वास सोडला तेव्हा आपण स्वतंत्र झालो असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यानं फक्त आधार बदलला होता. आणि तो आधार भिंतीपलीकडे कण्हत होता.

अँडोव्हरला जडसन, मिल्स, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस एकत्र आले. १८१० च्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड गावी मॅसॅच्युसेट्सच्या पाळकांच्या सभेपुढे त्यांनी लेखी विनंती ठेवली: आम्हाला आशियात पाठवा. अर्जावर चारच सह्या होत्या. आणखी दोघं तयार होते, पण इतके जण बघून सभा बिचकेल म्हणून त्यांची नावं गाळली. त्यातून अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, परदेशात मिशनरी पाठवणारी अमेरिकेतली पहिली संस्था. त्याच ब्रॅडफर्डमध्ये जडसनला ॲन हॅसेल्टाइन दिसली. तिची मैत्रीण हॅरिएट ॲटवुड हिचं लग्न न्यूएलशी ठरलं. दोघी ब्रॅडफर्डच्या एकाच शाळेत शिकलेल्या.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या चर्चमध्ये हॉल, जडसन, न्यूएल, नॉट आणि राइस या पाच जणांना दीक्षा मिळाली. १९ तारखेला ‘कॅराव्हॅन’ जहाजातून जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी कलकत्त्याकडे निघाली. हॉल, नॉट आणि राइस फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’नं निघाले. हॅरिएट अठरा वर्षांची होती.

इथवरची गोष्ट भक्तिपर पुस्तकांतून नेहमी सांगितली जाते. खरी कसोटी यापुढे आहे, समुद्रावर.

कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे सहकारी होते. ते बॅप्टिस्ट. लहान मुलांना बाप्तिस्मा देऊ नये, ज्यानं स्वतः विश्वास ठेवलाय त्यालाच पाण्यात बुडवून द्यावा, असं त्यांचं मत. जहाजावरच्या या मित्रांची मंडळी तान्ह्या बाळांवर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारी. केरीशी गाठ पडल्यावर वादात उत्तर देता यावं म्हणून जडसननं जहाजावर नव्या कराराचा ग्रीक मजकूर काढला आणि बाप्तिस्म्याचा शब्द न् शब्द तपासायला घेतला. जसजसा तो वाचत गेला तसतसं त्याला वाटू लागलं की केरीचंच बरोबर आहे. ॲन हादरली. हा नाद सोड, म्हणून तिनं त्याची परोपरीनं विनवणी केली. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असंही बजावलं. या एका मतापायी काय काय जाणार, हे दोघांनाही कळत होतं: ज्या संस्थेनं पाठवलं तिचा पैसा, मायदेशातली माणसं आणि बरोबरचे मित्र. शेवटी दोघांनाही तेच पटलं. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात दोघांचा बाप्तिस्मा झाला. मागाहून पोचलेल्या राइसनं आधी त्यांच्याशी वाद घातला आणि १ नोव्हेंबरला तोही बॅप्टिस्ट झाला.

बाहेरच्याला हा पाणी शिंपडायचं की बुडवायचं एवढाच वाद वाटेल. पण त्याच्या तळाशी शेवटच्या बाकावरचाच प्रश्न आहे. बाळाला बाप्तिस्मा देणारे म्हणतात, विश्वास आधी आपल्याला दुसऱ्यांकडून मिळतो. आपण बोलू लागायच्या आधी आई, मंडळी, मित्र आपल्या वतीनं तो धरून ठेवतात. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याचा त्यानंच पाण्यात उतरायला हवं. खाणावळीतली रात्र काढलेल्या जडसनला दुसरी बाजू पटणं स्वाभाविक होतं. हॉल आणि न्यूएल पहिल्या बाजूवर ठाम राहिले, आणि त्यांचंही काही कमी खरं नव्हतं. गंजीपाशी पाच जण नसते, तर एकट्या मिल्सचं स्वप्न तिथंच भिजून विरलं असतं.

मैत्रीचं काय झालं? ती मोडली नाही, पण दुखावली. दोन बायकांच्या वाट्याला तर फार कठोर दिवस आले. ईस्ट इंडिया कंपनीनं मिशनऱ्यांना कलकत्त्यात राहू दिलं नाही. न्यूएल दांपत्य आधी मॉरिशसला निघालं. वाटेत जहाजावर हॅरिएटला मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत वारली. ३० नोव्हेंबरला मॉरिशसला हॅरिएटही गेली, एकोणिसाव्या वर्षी. ॲन जानेवारीत तिथं पोचली ती मैत्रिणीला भेटायच्या आशेनं. बातमी तिला बंदरातच कळली. पंथाचा भेद किती लहान आणि किती मोठा असतो, हे त्या किनाऱ्यावर ॲनला जितकं समजलं असेल तितकं कुठल्या धर्मग्रंथाच्या भाष्यकाराला समजलं असेल असं वाटत नाही.

राइस अमेरिकेला परतला, तो मित्राला पैसा मिळावा म्हणून. घोड्यावरून गावोगाव फिरून त्यानं बॅप्टिस्ट मंडळ्यांना एकत्र आणलं आणि १८१४ मध्ये त्यांची देशव्यापी संस्था उभी राहिली. तो पुन्हा आशियात कधी आला नाही. १८३६ मध्ये वारला. त्यानं उभ्या केलेल्या आधारावर जडसननं ब्रह्मदेशात आयुष्य काढलं, आव्याच्या तुरुंगात बेड्या भोगल्या आणि १८३४ मध्ये बर्मी भाषेतलं संपूर्ण बायबल पुरं केलं.

हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईला आले. निघून जा, असा हुकूम इथंही होताच; त्यात ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध पेटलेलं. हॉलनं गव्हर्नर इव्हान नेपियनला अर्जांवर अर्ज लिहिले, आणि अखेर राहायची परवानगी मिळाली. नॉट आजारी पडून १८१५ मध्ये परतला. न्यूएल श्रीलंकेहून हॉलकडे मुंबईला आला आणि १८२१ मध्ये पटकीनंच गेला.

इथल्या लोकांविषयी या मुलांनी जे लिहिलं त्यात अंधारात बसलेल्यांना उजेड दाखवायला निघाल्याचा सूर आहे. तो आज खटकतो आणि खटकायलाच हवा. मराठीचं अक्षर ओळखायच्या आधीच त्यांनी मराठी माणसांविषयी मत बनवलं होतं. पण पुढे ते मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. याच मिशनची सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आली. तिची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघालं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो याच मिशनमध्ये. गंजीच्या आडोशाला बोलणाऱ्या पाचांपैकी एकानंही हे पाहिलं नव्हतं, कल्पिलंही नव्हतं.

आणि त्या पाचांचं? मिल्स मिशनरी म्हणून आशियात कधी गेलाच नाही. मायदेशात संस्था उभारत राहिला आणि १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना जहाजावर वारला. रिचर्ड्स श्रीलंकेला गेला, तिथंच १८२२ मध्ये गेला. रॉबिन्स कनेटिकटमध्ये पाळक झाला. ज्याला हे सगळं पटलंच नव्हतं तो लूमिस मेनमधल्या बँगर गावाचा पाळक झाला. ग्रीन न्यूयॉर्क राज्यात स्थायिक होऊन काँग्रेसवर निवडून गेला.

कॉलेजला पुढं त्या गंजीची जागा हवी होती, पण ती नेमकी कुणाला ठाऊक नव्हती. १८५४ मध्ये म्हातारा ग्रीन विल्यम्सटाउनला आला. कुरणात फिरून त्यानं जागा दाखवली आणि तिथं सीडरच्या लाकडाची एक खुंटी रोवली. संगमरवरी स्तंभ त्याच ठिकाणी १८६७ मध्ये उभा राहिला, ग्रीन गेल्यावर दोन वर्षांनी. त्यावर पाचांची नावं आहेत. लूमिसचंही.