दुसऱ्याचें किती जाणावें?

स्वातंत्र्य म्हणजे कोणावरहि अवलंबून नसणें, अशी समजूत सुशिक्षितांतहि रूढ आहे. ती कितपत खरी, हें आम्ही एका निराळ्या क्षेत्रांतील उदाहरणावरून पाहणार आहों.

संगणकाची मोठी आज्ञावली अनेक भागांची बनलेली असते. लॅरी कॉन्स्टंटाइन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९७४ सालच्या एका निबंधांत अशा भागांच्या दोन कसोट्या मांडल्या. एका भागास दुसऱ्याचें अंतरंग किती ठाऊक असावें लागतें, ही पहिली. तिला परावलंबन म्हणूं. एका भागांतील गोष्टी एकत्र कां आल्या, ही दुसरी, ती एकसूत्रता. योगायोगानें एकत्र पडलेल्या गोष्टींची एकसूत्रता सर्वांत हलकी, एका कार्यासाठीं एकत्र आलेल्यांची सर्वांत श्रेष्ठ. वस्तुप्रधान रचनेचाहि दंडक हाच कीं, प्रत्येक वस्तूनें आपली माहिती आपल्यापाशीं राखावी. इतरांनीं तिला काम सांगावें, तिच्या पेटींत हात घालूं नये.

मग परावलंबन शून्यावरच कां आणूं नये? आम्हांस हें मान्य नाहीं. ज्या भागाचा कोणाशींच संबंध नाहीं तो निर्दोष खरा, पण निरुपयोगीहि.

खरा दोष कोठें असतो तें पाहा. ४ जून १९९६ रोजीं एरिआन-५ हा युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रांतील आज्ञावली एरिआन-४ कडून आलेली होती. आडव्या वेगाशीं निगडित एक संख्या नेमून दिलेल्या जागेंत नेहमीं मावेल, हें तिचें गृहीत जुन्या मार्गापुरतें खरें होतें. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक. संख्या मावली नाहीं आणि यंत्र थांबलें. राखीव यंत्रांतहि तीच आज्ञावली होती, तेंहि थांबलें. नवल हें कीं, उड्डाणानंतर त्या हिशेबाचें नव्या अग्निबाणास कांहींच प्रयोजन नव्हतें. पूर्वीपासून चालत आला म्हणून तो राहिला. शिवाय त्या गृहीताचें समर्थन मूळ आज्ञावलींत नमूद केलेलें चौकशी मंडळास आढळलें नाहीं.

तात्पर्य, अवलंबून असणें हें पाप नव्हे; तें न सांगतां अवलंबून असणें हें पाप होय. घरांतहि कलह बहुधा मागितलेल्या गोष्टीवरून होत नाहींत, न मागतां गृहीत धरलेल्या गोष्टीवरून होतात. ज्याच्यावर आपण विसंबतों, त्यास तें स्पष्ट सांगणें हें आपलें ऋण आहे. आणि आपण एकत्र कां आहों, हें अधूनमधून स्वतःस विचारणें हें दुसरें. हीं दोन ऋणें जो फेडतो, त्याचें परावलंबन स्वातंत्र्याहून उणें नाहीं, असें आमचें मत आहे.