पाचवं कारण

दसऱ्याला मी दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घालते, चाकाखाली लिंबू ठेवते आणि त्याच आठवड्यात टायरवाल्याकडची वेळ ठरवते. स्टुटगार्टमधली आमची मराठी मंडळी याला ‘वहिनींचा डबल विमा’ म्हणतात. म्हणू देत. पण थट्टेच्या आड एक प्रश्न आहे आणि तो मला थट्टेचा वाटत नाही. टायर चोख असेल तर देवाच्या वाट्याला उरतं काय? आणि देवावर भरवसा असेल तर टायरवर एवढे पैसे कशाला घालायचे?

माझा धंदा जेवणाचा. कचेऱ्यांचे डबे, बारशी, साखरपुडे. एक गाडी शहरातच फिरते. दुसरी, मागच्या चाकांवर चालणारी व्हिटो, रॉयटलिंगेनवरून होनाऊची चढण चढून वर म्युन्सिंगेनला जाते. स्टुटगार्ट खोलगटात वसलेलं, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. म्युन्सिंगेन सातशेवर. खाली नुसती भुरभुर असते तेव्हा वर रस्ता पांढरा झालेला असतो. त्यात गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी. लोकांना भरलेल्या गाडीची धास्ती वाटते, मला रिकाम्या गाडीची वाटते. मागच्या चाकांवरचं वजन उतरलेलं, टायरात हवा मात्र भरल्या गाडीच्या हिशेबाची, आणि समोर उतार.

टायरांचं म्हणाल तर उन्हाळी टायरचं रबर थंडीत कालच्या भाकरीसारखं होतं. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण गारठ्यातही मऊ राहील असं केलेलं असतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. पूर्वी ‘एम प्लस एस’ एवढी अक्षरं असली तरी जर्मनीत चालायचं. ती अक्षरं म्हणजे कारखानदाराचा स्वतःचा शब्द, डोंगराचं चिन्ह मात्र बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसता शब्द चालत नाही. श्रद्धेच्या बाबतीतही असं काही असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

छोट्या मालवाहू गाडीला आणखी एक अक्षर बघावं लागतं: सी. आमच्या व्हिटोला 215/65 आर 16 सी, भारांक 109. म्हणजे एका चाकावर 1030 किलो. नेमक्या याच मापाचा मोटारीचा टायर ‘सी’शिवाय मिळतो, स्वस्त असतो, रिमवर बसतोही. त्याचा भारांक 98 असेल तर 750 किलो. चार चाकं मिळून फरक किती, हे ज्यानं त्यानं करून बघावं. पातेली चढवताना तो दिसत नाही.

आता देवाकडे येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्यांचं भाष्य. मी आपली होनाऊची चढण धरते. कर्ता चालक. करण म्हणजे साधन, तिथे टायर आला. चेष्टा म्हणजे ब्रेक, गिअर, स्टिअरिंग. मग दैव. मला त्या यादीचा क्रम फार आवडतो. दैव नाकारलेलं नाही, आणि पहिलंही नाही. ‘मीच सगळं केलं’ हा ताठा उतरवायला ती यादी सांगितली आहे, जबाबदारी वाटून द्यायला नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी मी ती जरा तिरकी वापरते, कारण धंदा करणाऱ्याला एक अडचण येते आणि ती त्या पाचांत सरळ बसत नाही. व्हिटो मी चालवत नाही. करण माझं, कर्ता दुसरा.

आमचा चालक एरिट्रियाचा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उपवासाच्या बाबतीत माझ्या सासूबाईंनाही मागे टाकेल. मी डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीशेजारी त्यानं मरियमचं चित्र लावलं आहे. मागे जुने टायर उतरवायचे की आणखी एक हिवाळा ओढायचे, हा विषय निघाला तेव्हा तो मला म्हणाला, “शेफिन” (म्हणजे मालकीणबाई), “सैतानानं येशूला देवळाच्या टोकावर नेलं आणि म्हणाला, मार उडी, देवदूत झेलतील. येशूनं उडी मारली नाही. मग मी का मारू?” देवाची परीक्षा बघायची नाही, ही त्याच्या धर्मातली शिकवण. माझ्या धर्मातलं उत्तर शोधत मी पाच कारणांपर्यंत गेले होते, आणि त्यानं तीन वाक्यांत संपवलं.

माझे वडील साताऱ्याहून भाजीचा टेम्पो मुंबईला न्यायचे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. टायर पार गोटा झाले तरी रिमोल्ड करून चालवायचे, पैसाच नव्हता. त्यांच्या भक्तीला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण स्टिअरिंगवर ते स्वतः बसायचे. स्वतःची मान देवाच्या हाती देणं ही श्रद्धा असू शकते. पगारी माणसाची मान आपल्या वतीनं देवाच्या हाती देणं, याला मी श्रद्धा म्हणत नाही. हे मी कुणाच्या घरीही वाद घालून सांगते.

गंमत म्हणजे इथला रुक्ष कायदा याच बाजूनं बोलतो. घसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर नसले तर चालवणाऱ्याला 60 युरो दंड. तसं चालवू देणाऱ्या मालकाला 75. दोघांच्याही नावावर एकेक दंडगुण चढतो, पण पैसे मालकाला जास्त. हा नियम कुणी पाद्र्यानं लिहिलेला नाही, तरी मला तो धार्मिक वाटतो.

कायदा मात्र एका जागी थांबतो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर असली की त्याचं समाधान. मोटारचालकांचा क्लब आडाक म्हणतो, हिवाळ्यात 4 मिलिमीटर हवी. मोजायला दोन युरोचं नाणं पुरतं. त्याची चंदेरी कड 4 मिलिमीटरची. नाणं खाचेत उभं घातलं आणि कड दिसेनाशी झाली तर ठीक. मी अंगणात ओणवी होऊन प्रत्येक चाकात तीन-चार जागी घालून बघते, कारण टायर एका कडेनं जास्त झिजतो. 1.6 आणि 4 यांच्या मधल्या 2.4 मिलिमीटरमध्ये कुणी पोलीस नाही, दंड नाही. तिथे फक्त मी आणि माझा हिशेब. धर्म-अधर्माचे एरवीचे प्रश्न मला इतके मोजता येत नाहीत.

इथल्या लोकांचा प्रवासातला सोबती संत क्रिस्टोफर. पुष्कळ गाड्यांत त्याचा बिल्ला असतो. रोमनं 1969 मध्ये त्याचा सण सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढला आणि पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये पहिलं बचाव हेलिकॉप्टर उभं राहिलं, त्याचं नाव क्रिस्टोफ 1. आज रस्त्यावर अपघात झाला की आभाळातून क्रिस्टोफच येतो, पाठीवर कुठलातरी आकडा घेऊन. पाचव्या कारणाची सोय जर्मनांनी अशी लावली आहे. पण ते चारांनंतरच येतं.

हिशेब बघणारे माझे दीर म्हणाले, “वहिनी, ऑल-सीझन घ्या की. डोंगराचं चिन्ह त्यांच्यावरही असतं. वर्षातून दोनदा चाकं बदलणं नको, ठेवणावळ नको.” त्यांचं चुकत नाही. शहरातल्या गाडीला मी तेच घेतले. व्हिटोला मात्र चारही हिवाळीच, ‘सी’चे. आणि चालकाला सांगून ठेवलं, की होनाऊच्या पायथ्याशी पोचल्यावर वर जायचं की परतायचं हे तो ठरवणार, मला फोन करून विचारायचंही नाही. परत आला तर त्या दिवसाचा पगार पूर्ण.

भाऊजींनी विचारलं, डबे पोचले नाहीत आणि पगार दिला, तर ही रक्कम कुठल्या खात्यात दाखवू?

“टायरच्याच,” म्हटलं.