दान, विक्री की अभिहस्तांकन?

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवासाठी एखाद्या कवीकडून गीत रचून घ्यावे, मानधनाचे पाकीट द्यावे आणि कागदावर ‘सर्व हक्क दिले’ असे लिहून घ्यावे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. पुढे त्या गीताची ध्वनिफीत निघते, पुस्तिका निघतात आणि कवीचे नाव मात्र हळूहळू गळून पडते. कवीने नेमके काय दिले होते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हांस तो नीतीचा प्रश्न वाटतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने कायद्याची मराठी आम्हांला अपरिचित नाही. घराच्या किंवा जमिनीच्या मालकीच्या हस्तांतरणाला ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. प्रताधिकार दुसऱ्याच्या नावे करून देणे म्हणजे ‘अभिहस्तांकन’. हक्क स्वतःकडे ठेवून केवळ वापराची मुभा देणे म्हणजे ‘अनुज्ञप्ती’. ‘विक्री’ किंवा ‘दान’ म्हटले की हे भेद पुसले जातात.

वस्तू वेगळी आणि तिच्या प्रती काढण्याचा अधिकार वेगळा. पवित्र मरियेला साडी नेसविणारे गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका १९६७ साली पुण्यात निवर्तले. त्यांचे चित्र आज कोणाच्याही भिंतीवर असो. मृत्यूनंतर साठ वर्षे, या कायद्याच्या हिशेबाने त्यांच्या कलाकृतींवरील प्रताधिकार २०२७ च्या अखेरीपर्यंत टिकतो. नाताळाच्या शुभेच्छापत्रावर ते चित्र छापू पाहणाऱ्याने भिंतीच्या धन्याला विचारले, एवढ्याने भागत नाही.

१९५७ चा प्रताधिकार अधिनियम अभिहस्तांकन लेखी आणि सहीनिशी मागतो. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हेही त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर कायदा समाधान मानत नाही.

त्याच अधिनियमाचे कलम ५७ आणखी खोल जाते. सर्व प्रताधिकार देऊन टाकल्यावरही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीला बाध आणणारी तिची मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा हक्क उरतोच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ साली उतरविले गेले आणि त्याची दुर्दशा झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत देवविले आणि पाच लाख रुपयांची भरपाईही देवविली. शिल्प सरकारनेच करवून घेतलेले होते, तरीही.

कलावंताने राजीखुशीने सही केली, मग अन्याय कसला, असे कोणी म्हणेल. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मजुरीच्या संदर्भात याचे उत्तर दिले आहे: गरजेपोटी दिलेली संमती करार न्याय्य ठरविण्यास पुरेशी नसते. जे मजुराच्या घामाला लागू, ते कवीच्या शब्दालाही लागू आहे.

म्हणून देवाच्या कार्यासाठी मागताना तरी आपण अचूक शब्दाने मागावे. एका महोत्सवापुरते गीत हवे असेल तर अनुज्ञप्ती मागावी, ती पुरते. अधिक हवे असेल तर अभिहस्तांकनाचा कागद कवीला वाचून दाखवावा आणि त्याचे उचित मोल द्यावे. कवी खरोखरच दान करीत असेल, तर आपण काय देतो आहोत हे त्याला ठाऊक असले पाहिजे. न कळता दिलेले ते दान नव्हे. आणि दोन्ही वेळी गीताखाली त्याचे नाव छापावे. ते त्याने कोणालाच दिलेले नसते.